मास्तरांची आरोळी आणि अण्णांचा टीव्ही

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. सोपा आहे. पण उत्तर लगेच देऊ नका — लगेच देणाऱ्यांचीच फजिती आज सांगायची आहे!

प्रश्न असा. समजा, एखादी गोष्ट तुम्हाला आधी कळली. शेजाऱ्याला अजून कळायची आहे. आता हे जे आधी कळणं आहे ना — त्याचं करायचं काय? मिरवायचं? ओरडून सांगायचं? की पोटात ठेवायचं?

तिकडं बायका हसायला लागल्या! पोटात ठेवायचं म्हटल्यावर हसल्या! अहो मावशी, पुरुषांच्या पोटातही काही राहत नाही. आजची गोष्ट पुरुषांचीच आहे.

विट्याला एक तांबट आळी आहे म्हणा. त्या आळीत रंगनाथअण्णा तांबट राहायचे. भांड्यांचं दुकान मुलाच्या हवाली केलेलं, गुडघे दुखरे, जीभ मात्र ठणठणीत! आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून लाडमास्तर. शाळेत पी.टी.चे मास्तर होते. आता पी.टी.च्या मास्तरांचा आवाज कसा असतो ते सांगायला नको. मैदानाच्या या टोकाला ‘सावधान’ म्हटलं की त्या टोकाची म्हैस पाय जुळवून उभी राहायची! निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही.

या दोघांची दोस्ती क्रिकेटची. मॅच असली की मास्तर अण्णांच्या ओसरीवर हजर. केबलचा डबा, डब्यावर सुलोचनाकाकूंनी विणलेला रुमाल, समोर शेंगदाण्यांची ताटली. चौकार गेला की दोघं एकदम ओरडायचे. विकेट पडली की दोघं एकदम कपाळाला हात लावायचे. काकू म्हणायच्या, "दोघांचं कपाळ एकच केलं असतं देवानं, तर एक हात वाचला असता!"

आणि संध्याकाळी उलटी वारी — काकू मास्तरांच्या घरी. तिथं शेवंतावहिनी, मास्तरांच्या मंडळी. त्या न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खाटेवर. खाट भिंतीला लावलेली. अण्णांच्या घराची आणि त्यांची जी मधली भिंत, तिलाच. पायाशी टीव्ही, केबलचा डबा. दोघी मिळून रोज मालिका बघायच्या. ‘सातव्या घरची सून’! नाव ऐकलं नसेल, मीच ठेवलंय. पण गोष्ट तुम्हाला पाठ आहे. सून सोशिक, नणंद कपटी, आणि आक्कासाहेब नावाची आजेसासू बेशुद्ध. किती दिवस बेशुद्ध? ते विचारू नका. मालिकेत बेशुद्ध पडलेलं माणूस निर्माता सांगेल तेव्हाच उठतं!

असं सगळं गोडीनं चाललेलं. मग काय झालं? जावई आला!

पुण्याहून जावईबापू आले ते भलामोठा टीव्ही घेऊनच. भिंतीवर लावला, इंटरनेट जोडलं, आणि म्हणाले, "मामा, आता केबलचा डबा नको, वायर नको. सगळं जग यात आलं!" अण्णांची छाती फुगली. केबलवाल्याला बोलावून डबा परत दिला. काकू म्हणाल्या, "अहो, राहू द्या की चार दिवस. हे कसं चालतंय बघू तरी." अण्णा म्हणाले, "तुला कळत नाही." मंडळी, ज्याला स्वतःला कळत नाही ना, तो हे वाक्य फार जोरात म्हणतो!

दुसऱ्या दिवशी मॅच. मास्तर नेहमीसारखे आले, नेहमीच्या जागी बसले. काकूंनी चहा दिला. जावईबापूंनी रिमोटशी बोलून मॅच लावली — हो, बोलून! टीव्हीला सांगायचं, टीव्ही ऐकतो. घरातलं कुणी ऐकत नाही, टीव्ही ऐकतो!

चित्र काय सुंदर! गवताचं पातं न् पातं दिसतंय. बोलर धावत आला, हात फिरवला आणि… थांबला. हात वर, पाय वर, बोलर हवेत! आणि पडद्याच्या मधोमध एक गोल, गरगर, गरगर फिरतोय.

मास्तर म्हणाले, "अण्णा, हे काय? पिठाची गिरणी घेतली का?"

जावईबापू हसले. काकू हसल्या. पण अण्णा… जावयासमोर हसं झालं ना! कानशिलं तापली. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला यातलं काय कळणार? तुम्हाला डबाच बरा. जा, घरी जाऊन डब्यापुढं बसा!"

मास्तरांनी अर्धा प्यालेला चहा खाली ठेवला. चपला घातल्या आणि गेले.

अण्णांना वाटलं, येतील उद्या. उद्या आले नाहीत. परवा आले नाहीत. अण्णांना आत कुठंतरी टोचत होतं, पण जाऊन ‘या हो’ म्हणायला जीभ वळेना. एरवी दिवसभर वळते, तेव्हाच नेमकी वळत नाही बघा!

जावईबापू पुण्याला गेले. पुढची मॅच आली. अण्णा एकटेच बसले. गोलबिल काही फिरला नाही, सगळं झकास. बोलर धावत यायला लागला — आणि भिंतीपलीकडून आरोळी!

"आउऽऽऽट!"

अण्णा दचकले. आउट? कोण आउट? बोलर तर अजून पळतोय! आणि मग, चूळ भरून टाकायला लागतो ना तेवढा वेळ गेल्यावर, अण्णांच्या टीव्हीवर दांडी उडाली.

अण्णांना वाटलं, योगायोग. पुढच्या ओव्हरला आपली बॅटिंग असल्यासारखे सरसावून बसले. पलीकडून आरोळी — "सिऽऽऽक्स!" आणि इकडं बॅट्समन अजून हातमोजे नीट करतोय!

आता मंडळी, ज्या बॉलवर सिक्स जाणार हे माहीत आहे, तो बॉल बघून माणसानं काय करायचं? शिळी बुंदी खाल्ल्यासारखं बघायचं!

अण्णांनी जावयाला फोन लावला. "बापू, टीव्हीत दोष आहे."

"दोष नाही मामा. इंटरनेटवर लाइव्ह जरा मागंच असतं. केबलवर आधी दिसतं. पण तुम्हाला काय फरक पडतो?"

"फरक पडतो का? अहो, माझ्या भिंतीपलीकडं पी.टी.चा मास्तर आहे!"

उपाय एकच होता. पलीकडं जायचं आणि सांगायचं, ‘मास्तर, माझा टीव्ही मागं चालतो. जरा हळू ओरडा.’ बस! पण ज्या टीव्हीसाठी मित्राला ‘डब्यापुढं बसा’ म्हटलं, तो टीव्ही डब्याच्या मागं चालतो हे कबूल करायचं कुणी? अण्णांनी? प्राण गेला तरी नाही!

मग काय केलं? कानात कापूस घातला. आरोळी ऐकू येईना, बरं वाटलं. पण मास्तरांना सवय — चौकार गेला की भिंतीवर थाप मारायची. इकडं कोनाड्यातला गणपती हलायचा! अण्णा टीव्हीकडं बघायचं सोडून गणपतीकडं बघायला लागले. गणपती हलला, म्हणजे चौकार! अहो, हसताय काय? देवाकडं बघत होते, तेवढं तरी पुण्य लागलंच की!

अखेर अण्णा चिडले. त्यांना वाटायला लागलं, मास्तर मुद्दाम करतो. सूड घेतोय. मग आपणही घ्यायचा. पण कसा?

तो मार्ग टीव्हीनंच दाखवला. एकदा काकू सहज म्हणाल्या, "अहो, आपल्या या टीव्हीवर मालिकेचा संध्याकाळचा भाग सकाळीच येतो म्हणे. मुलगी सांगत होती."

"मग बघ की!"

"छे! मी शेवंताबरोबर बघणार. एकटीनं आधी बघून तिच्याशेजारी खोटं खोटं डोळे पुसायचे का?"

किती साधं वाक्य! या वाक्यावर मी अर्धा तास कीर्तन करू शकतो. पण पेटीवाल्यांना गाडी गाठायची आहे, म्हणून पुढं जातो.

अण्णांच्या डोक्यात मात्र दिवा पेटला. काकू देवळात गेल्यावर अण्णांनी दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘सातव्या घरची सून’ लावली! आधी तिरस्कारानं बघितली. मग पाय वर घेऊन बघितली. मग नणंदेला शिव्या दिल्या! आणि शेवटी आक्कासाहेब शुद्धीवर आल्या, सुनेचा हात हातात घेतला, "घर सांभाळ गं" म्हणाल्या, आणि मान टाकली. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! डोळे पुसले, आणि मग आठवलं — अरे, आपण रडायला नव्हे, सूड घ्यायला बसलोय!

अंगणात आले. मास्तरांच्या खिडकीकडं तोंड केलं. दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारून मारून कमावलेला गळा. ओरडले, "अहो ऐकलंत का? आक्कासाहेब गेल्याऽऽऽ! शुद्धीवर आल्या, सुनेचा हात धरला, आणि गेल्याऽऽऽ!"

आता गंमत ऐका. आळीत भाजीवाली होती, तिनं पाटी खाली ठेवली. "अगं बाई, कुठली आक्का?" समोरचे तात्या बनियनवरच बाहेर आले. कुणीतरी म्हणालं, अण्णांची मोठी बहीण असेल, कऱ्हाडची. बघता बघता दारात माणसं जमली, टोप्या हातात! एक जण अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वय झालंच होतं. सुटल्या बिचाऱ्या. मग कधी न्यायचं?"

अण्णा म्हणाले, "कुणाला?"

"आक्कांना!"

"अहो, त्या टीव्हीतल्या आहेत!"

त्यावर भाजीवाली जे बोलली, ते मी देवासमोर सांगू शकत नाही. माणसं पांगली. काही हसत, काही पुटपुटत. अण्णाही हसत होते. जिंकलो असं वाटत होतं त्यांना.

आणि मास्तर फाटकापाशी येऊन उभे राहिले. अण्णांनी मनात भांडणाची तयारी केली. पण मास्तर ओरडले नाहीत हो! तो एवढा आवाजाचा माणूस — हळू बोलला.

"अण्णा, माझ्यावर राग होता, मला शिव्या द्यायच्या होत्या. ती दिवसभर छताकडं बघत पडलेली असते. सकाळी उठल्यापासून विचारते, आज काय होईल हो, आक्का उठतील का? तेवढ्यावर तिचा दिवस सरतो. तुम्ही आज सकाळीच दिवस संपवलात तिचा."

एवढं म्हणाले आणि मागं परसात निघून गेले.

अण्णा घरात येऊन बसले. काकू देवळातून आल्या. भाजीवालीनं वाटेतच सगळं सांगितलं होतं. त्यांनी प्रसादाची वाटी अण्णांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "मला काही सांगू नका. तिच्याकडं जा."

अण्णा गेले. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"वहिनी, चुकलं माझं. तुम्हाला हवं तर तो टीव्ही इथं आणून लावतो. रोज सकाळीच सगळं बघा. आळीत सगळ्यांच्या आधी!"

वहिनी वळल्या. डोळे सुजलेले, पण ओठावर हसू आलं. "भावजी, सकाळी बघून मग दिवसभर काय करू? आक्का जाणार हे मला ठाऊक नव्हतं का? पण आज संध्याकाळपर्यंत त्या माझ्यासाठी होत्या ना. तेवढ्या राहू द्यायच्या होत्या."

अण्णा बाहेर आले. परसात मास्तर पाठमोरे उभे होते, झाडांना पाणी घालत. अण्णा दोन पावलं गेले, थांबले, आणि तसेच परत आले. वहिनींची क्षमा मागायला जीभ वळली होती. मास्तरांपुढं पुन्हा अडली!

आणि मग आली मोठी मॅच. फायनल! रविवारचा दिवस, दिवेलागणीची वेळ, शेवटची ओव्हर, आणि सगळं शेवटच्या बॉलवर आलेलं. चौकार बसला तर कप आपला. नाही बसला तर गेला.

दिवसभर अण्णा एक गोष्ट बघत होते. पलीकडून आवाज नाही. चौकार गेले, षटकार गेले, गणपती जागच्या जागी! आरोळी नाही, थाप नाही. सुरुवातीला अण्णांना बरं वाटलं. मग चुकल्या चुकल्यासारखं वाटायला लागलं. काकूंना म्हणाले, "मास्तर घरात नाहीत का गं?"

"आहेत की. मघाशी दारात दिसले."

शेवटचा बॉल. अण्णांच्या टीव्हीवर बोलर चेंडू पुसतोय. म्हणजे पलीकडं बॉल पडून गेला असणार! अण्णांनी भिंतीला कान लावला. शांतता. चौकार बसला असता तर हा माणूस आज तरी गप्प राहिला असता का? फायनलला? शक्य नाही! म्हणजे… हरलो!

अण्णा मट्‌कन खाली बसले. रिमोट हातात घेतला. "बंद करतो. बघण्यासारखं काही राहिलं नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, अजून बॉल पडला नाही!"

"पलीकडं पडलाय!"

"आपला तर पडू द्या!"

आणि बॉल पडला. बॅट फिरली. चेंडू दोघांच्या मधून सुटला, गवतावरून सरसरत गेला, एक जण पोटावर आडवा झाला, हात पुरला नाही आणि चेंडू सीमारेषेवर!

चौकार! कप आपला! काकू टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. आणि अण्णा? अण्णा ओरडलेच नाहीत. तोंड उघडं, आवाज नाही! कारण त्यांच्या मनात वेगळंच आलं. आपण जिंकलो, आणि मास्तर गप्प? अहो, हा माणूस गप्प राहील कसा? छातीत कळ आली की काय? पडलेत की काय?

दुखरे गुडघे विसरले, चपला विसरले, अनवाणी धावले! मास्तरांचं दार ढकललं —

आणि काय दिसलं माहीत आहे? मास्तर खोलीच्या मधोमध उभे. डोळे बाहेर आलेले, तोंड लालबुंद, कपाळावर घाम, आणि तोंडात टॉवेल कोंबलेला! दोन्ही हातांनी टॉवेल धरलाय आणि जागच्या जागी नाचतायत! आणि खाटेवर शेवंतावहिनी — एक कान भिंतीला, एक हात वर. नवऱ्याला खुणावतायत, थांबा, थांबा!

अण्णांना बघून वहिनी म्हणाल्या, "भावजी! तुमचा बॉल झाला का?"

"झाला!"

"चौकार दिसला?"

"दिसला!"

"मग ओरडला का नाहीत हो? आम्ही तुमच्या आवाजासाठी थांबलोय! हा माणूस आता फुटेल!"

आणि वहिनींनी वर धरलेला हात खाली आणला. मास्तरांनी टॉवेल काढला —

"जिंकलोऽऽऽ!"

मंडळी, काय ती आरोळी! दिवसभर कोंडलेली! कौलांवरची कबुतरं उडाली. आळीतली कुत्री भुंकायला लागली. आणि अण्णांनी मास्तरांना मिठी मारली आणि त्यांच्या कानातच ओरडले. दोन म्हातारे गळ्यात गळा घालून नाचतायत आणि वहिनी खाटेवर हसून हसून म्हणतायत, "अहो, माझा खुबा! मला हसवू नका!"

दम लागल्यावर अण्णा खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "मास्तर, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं कळतंय? हिला कळलं. ही भिंतीशी पडलेली. मला म्हणाली, तुम्ही ओरडून गप्प झाल्यावर मग त्यांच्या टीव्हीत गलका होतो. भावजींचा टीव्ही मागं आहे. भावजींनी माझ्या आक्का आधी मारल्या म्हणून तुम्ही रागावलात. आणि तुम्ही रोज त्यांची मॅच मारताय, त्याचं काय?"

अण्णांनी मान खाली घातली. "मागं आहे, मास्तर. पहिल्या दिवसापासून मागं आहे. सांगायची लाज वाटली. आणि त्या दिवशी तुम्हाला उठवलं ना, तेव्हापासून एकही मॅच गोड लागली नाही."

मास्तर म्हणाले, "मला तरी कुठं लागली? एकट्यानं ओरडायला मजा नाही हो. म्हणून तर एवढ्या जोरात ओरडत होतो. तुम्हाला ऐकू जावं म्हणून!"

ऐका मंडळी! ज्याला अण्णा सूड समजत होते, ती हाक होती!

आता तुम्ही विचाराल, बुवा, मग टीव्ही कुठला चांगला ते सांगा. घरी तोच वाद चाललाय. मुलगा म्हणतो इंटरनेट घेऊ, बाप म्हणतो डबा राहू दे. तर सांगतो. अण्णांनी तो मोठा टीव्ही टाकून दिला नाही. काकू त्यावर हवी ती गाणी लावतात, आणि नातीशी बोलतात. मॅच मात्र मास्तरांच्या डब्यावर, वहिनींच्या खोलीत, सगळ्यांनी मिळून. ज्याला जे परवडेल, ज्याला जे जमेल ते घ्या. मी काही टीव्ही विकायला आलेलो नाही! फक्त घेताना एवढं बघा, की त्यासमोर बसायला आपल्याबरोबर कोण आहे.

आणि आता तुमच्याकडं वळतो. नीट बसा. आपण सगळेच कुणाच्या तरी पुढं असतो आणि कुणाच्या तरी मागं. तुझा बाप मोबाइलवर बोट ठेवतो, ते भलतीकडंच जातं. तेव्हा तू त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतोस — "द्या इकडं, तुम्हाला नाही जमत!" अरे, तुझा बॉल पडलाय, त्याचा पडायचाय! सासूबाई, तुम्हाला भाकरी थापायला येऊन चाळीस वर्षं झाली. सुनेची पहिली भाकरी तव्यावर आहे, आणि तुम्ही आधीच म्हणताय, करपणार! थांबा की जरा. तोंडात टॉवेल धरा! आधी कळलं हे नशीब आहे. मागच्यासाठी थांबलो, हे प्रेम आहे. देवाचंही तसंच. त्याला आपलं सगळं पुढचं ठाऊक आहे. तरी बोलतो का? नाही. आपला बॉल पडेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभा आहे बिचारा!

ते तिथं खांबाला टेकून बसलेले आजोबा. मास्तरांच्या तोंडात टॉवेल असणार हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. मी बघत होतो, डोळे मिचकावत होते. पण शेजाऱ्याला सांगितलं नाही. माझी गोष्ट आधीच फोडली नाही. आजोबा, आजचं कीर्तन तुम्हालाच कळलं!

चला, आता नाव घेऊया. पण घाई करू नका. बाजूला बघा. लहान लेकरू असेल, दात नसलेली आजी असेल. त्यांचं तोंड उघडू द्या. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही, सगळ्यांचा एकच आवाज. झाली तयारी सगळ्यांची? आजी, झाली?

झाली म्हणतायत. बोला —

विठ्ठऽऽल!